निळ्या टोपणाची नळी

आज आईला आयएनआरसाठी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीसाठी, लॅबमध्ये नेलं. हृदयाची झडप बदलल्यापासून वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध चालू आहे. सुई काढल्यावर कापूस दाबून बसलो, तर रक्त लवकर थांबेना. प्लेटलेट्स जखमेवर लगेच चिकटतात, त्यांना हे औषध अडवत नाही. पण वर फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणलं गेलं तरच गुठळी टिकते. त्यासाठीचे काही घटक बनवायला यकृताला ‘के’ जीवनसत्त्व लागतं, आणि वॉरफरिन नेमकं तिथेच आडवं येतं.

मला मात्र रक्त घेतलं त्या निळ्या टोपणाच्या नळीचं कौतुक! आतलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. तपासताना कॅल्शियम परत घालतात आणि गोठेपर्यंतचे सेकंद मोजतात.

आईचा प्रश्न एकच, “मग मेथी खाऊ की नको?”

मेथीत ‘के’ जीवनसत्त्व असतं ना! खा गं, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच. स्वस्त झाली म्हणून रोज जुडी नको!