ड्रम गेले, डिस्क आले: १९६८ च्या सी-१० ची नोंदवही

पहिला रविवार

गाडी आज घोड्यांवर (जॅक स्टँडवर) चढली. १९६८ ची शेवरले सी-१० पिकअप, २५० क्युबिक इंची सहा सिलिंडर इंजिन, तीन गिअर, चारही चाकांना ११ इंची ड्रम ब्रेक. इंजिन गोड चालतं, गिअर मुकाट पडतात, पण लांब उतारावर तिसऱ्या-चौथ्यांदा ब्रेक दाबला की पेडल पायाखालून खाली सरकतं आणि पोटात गोळा येतो. ड्रम तापला की फुगतो, आतल्या शूवरच्या लायनरपासून (घासणाऱ्या पट्टीपासून) लांब जातो, आणि तेवढंच पेडल जास्त जातं. वरून लायनरही तापून पकड सोडतो. पाण्यातून गाडी काढली तर पहिले दोन-तीन ब्रेक कुठल्या बाजूला ओढतील याचा नेम नाही.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक (फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे) बसवायचे हे दोन वर्षांपासून मनात होतं. तयार किट महाग, म्हणून रेंगाळलं. मग एका भंगारात १९७२ ची सी-१० दिसली, केबिन गंजून गेलेली पण पुढचा सांगाडा सरळ. ओळखणाऱ्यांना यातली गंमत लगेच कळेल: १९६७ ते १९७२ एकच पिढी, आणि १९७१ पासून शेवरलेने या गाड्यांना पुढे डिस्क स्टँडर्ड दिले. जॅग्वारने डिस्क ब्रेकवर ल मांची शर्यत जिंकली ती १९५३ साली. पिकअपच्या वाट्याला ते यायला आणखी अठरा वर्षं गेली.

पैशांचा हिशोब आजच ठरवला. जे लोखंड आहे ते जुनं चालेल: आर्म, स्पिंडल (ज्यावर चाक फिरतं तो भाग), कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या भागाची) बॉडी. ज्याच्यामुळे दाब टिकतो ते सगळं नवं: होज, पाइप, सील, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा), ऑइल. या रेषेच्या अलीकडे कितीही काटकसर करेन, पलीकडे एक वॉशरसुद्धा जुना घालणार नाही.

दुसरा रविवार

भंगारातल्या गाडीचा, क्रॉसमेंबरपासून (चॅसीच्या आडव्या तुळईपासून) स्पिंडलपर्यंत सगळा गठ्ठा टाय रॉडसकट एकत्र काढून आणला. सुटे स्पिंडल आणून जुन्या आर्मवर बसवायचा मोह मलाही झाला होता. पण बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडचे टेपर (निमुळत्या पिना आणि त्यांची भोकं) एकमेकांत नीट बसतात की नाही याची खात्री नसताना स्टिअरिंगशी खेळायचं नाही. टेपर थोडा चुकीचा असला तरी नट आवळला जातो, वरून सगळं ठीक दिसतं, आणि पिन आत डुलत राहते. एकाच गाडीचा गठ्ठा घेतला की ही चिंताच संपते.

इंजिनाचा भार याच क्रॉसमेंबरवर येतो, तेव्हा आधी इंजिन वरून साखळीने तोलून धरलं. कॉइल स्प्रिंगबद्दल एकच सांगतो: स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने मिळतो, तो घ्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

जुने ड्रम उघडताना हवेचा पाइप मारला नाही. त्या काळातल्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असतो आणि ती धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसून घेतलं आणि फडकी पिशवीत बांधली.

तिसरा रविवार: चाकांचा घोळ

हा घोळ मला आधी माहीत होता, तरी प्रत्यक्ष समोर आला तेव्हा तासभर नुसता बघत बसलो. १९७० पर्यंत सी-१० ला सहा बोल्टचं चाक, ५.५ इंची वर्तुळावर. १९७१ पासून पाच बोल्ट, ५ इंची वर्तुळावर. म्हणजे पुढे पाच, मागे सहा, आणि स्टेपनी एकीकडेच बसणार.

दोन वाटा होत्या. मागचा ॲक्सलही पाच बोल्टचा करायचा, किंवा पुढे याच स्पिंडलवर बसणारे सहा बोल्टचे रोटर (डिस्कच्या चकत्या) घ्यायचे. असे रोटर नवे मिळतात. मागच्या ॲक्सलला हात लावला असता तर काम दुप्पट झालं असतं, म्हणून रोटर घेतले. जुने रोटर तसेही घासून किमान जाडीच्या जवळ आले होते. ही जाडी रोटरवरच ओतीव अक्षरांत दिलेली असते, मायक्रोमीटर लावून बघा, नुसत्या डोळ्याने ठरवू नका.

मग जुनं १५ इंची चाक चढवलं तर ते कॅलिपरला घासलं. ड्रमच्या जमान्यातल्या रिमला आतून तेवढी जागा नसते. शेवटी के-१० कामाला आली. फोर-व्हील ड्राइव्ह के-१० ला १९७१ नंतरही सहाच बोल्ट राहिले आणि पुढे डिस्क होते, त्यामुळे तिची १५ इंची रिम सहा बोल्टवर बसते आणि कॅलिपरलाही मोकळी सोडते. वापरलेली चार आणि एक स्टेपनी अशी पाच मिळाली. गंज घासून रंग मारायचं काम भाच्याने हौसेने अंगावर घेतलं, आणि फार सुंदर केलं.

चौथा रविवार

कॅलिपर उघडले. एकच पिस्टन, व्यास २ पूर्णांक १५/१६ इंच, म्हणजे साधारण ७५ मिलिमीटर. पिस्टन बाहेर काढायला हवेचा दाब लागतो. समोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि बोटं त्या फटीत अजिबात नेऊ नका, तो गोळीसारखा येतो. डावा पिस्टन स्वच्छ निघाला. उजव्यावर गंजाचे खड्डे होते, नखाला लागत होते. पॉलिश करून भागेल असं क्षणभर वाटलं, पण सील नेमकं त्याच पृष्ठभागावर टेकतं, म्हणून दोन्हीकडे नवे पिस्टन घातले.

त्या चौकोनी काटछेदाच्या सीलवर माझा फार जीव आहे. दाब आला की पिस्टन पुढे सरकतो आणि सील किंचित पिळलं जातं. दाब गेला की सील पुन्हा सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. ड्रममध्ये शू मागे खेचायला स्प्रिंगा लागतात, इथे एक रबरी कडी तेच काम करते आणि पॅड घासेल तशी आपोआप ॲडजस्टही होते.

बेअरिंगला ग्रीस भरलं. चाक फिरवत नट १२ फूट-पाउंडांनी आवळायचा, मग सैल करून नुसत्या बोटांनी टेकवायचा, आणि भोक जुळेपर्यंत मागे घेऊन नवी कॉटर पिन घालायची. शेवटी ०.००१ ते ०.००५ इंच खेळ राहायला हवा. आवळून ठेवलेलं बेअरिंग जळतं.

पाचवा आणि सहावा रविवार: मास्टर सिलिंडर

सगळ्यांना डिस्क दिसतात, म्हणून चर्चा त्यांचीच होते. माझ्या मते हा बदल यशस्वी होतो की फसतो ते मास्टर सिलिंडरवर ठरतं, आणि मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घातला.

ड्रम स्वतःची मदत स्वतः करतो. शू फिरत्या ड्रमला टेकला की ड्रमच त्याला आणखी आत ओढतो, त्यामुळे कमी दाबातही पकड येते. डिस्कला असा फायदा नाही. जेवढा दाब द्याल तेवढीच पकड. म्हणून ड्रमचा मास्टर ठेवून पुढे डिस्क लावले तर पेडल दगडासारखं लागतं आणि गाडी थांबत नाही.

बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) घ्यायचा नाही हे मी ठरवलं होतं, खर्चासाठी आणि इंजिनाशेजारची जागा मोकळी राहावी म्हणूनही. मग बोअर, म्हणजे मास्टरच्या आतला व्यास, महत्त्वाचा. माझ्या पेडलचं गुणोत्तर मोजलं तर जवळजवळ ६ आलं. पायाने ३० किलो जोर दिला तर पुशरॉडवर (पेडलपासून मास्टरमध्ये जाणाऱ्या दांड्यावर) १८० किलो. १ इंची बोअरचं क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे लाइनमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३५ किलो. तोच जोर १ पूर्णांक १/८ इंची बोअरवर दिला तर २८ किलो. कॅलिपरच्या पिस्टनवर याचा गुणाकार केला की पहिल्यात दीड टनाच्या आसपास दाब येतो, दुसऱ्यात सव्वा टन. बूस्टर असलेल्या गाडीचा मोठ्या बोअरचा मास्टर स्वस्तात मिळाला म्हणून लावणारे इथे फसतात. लहान बोअरमध्ये पेडल थोडं जास्त जातं, ते मला मान्य आहे.

दुसरी खूण मास्टरच्या पाठीमागे असते. बूस्टर नसलेल्या गाडीच्या मास्टरमध्ये पुशरॉड जाण्याचं भोक खोल असतं. बूस्टरवाल्याचं उथळ असतं, आणि साधा पुशरॉड त्यातून निसटू शकतो. विकत घेताना पेन्सिल घालून बघा.

तिसरी गोष्ट रेसिड्युअल व्हॉल्व्हची. ड्रमच्या लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब राखून ठेवतात, म्हणजे व्हील सिलिंडरचे कप टेकून राहतात. तो पुढच्या डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड कायम घासत राहतील. माझा जुना मास्टर दोन टाक्यांचाच होता, १९६७ पासून या गाड्यांना तो आला. पण टाक्या लहान. पॅड झिजत जातात तसं ऑइल कॅलिपरमध्ये उतरतं, म्हणून डिस्कच्या मास्टरला पुढच्या चाकांची टाकी मोठी असते. नवा घेतला.

कॉम्बिनेशन व्हॉल्व्हही नवा. मागचे शू स्प्रिंगा ताणून टेकेपर्यंत तो पुढच्या डिस्कला क्षणभर थोपवतो, जोरात ब्रेक मारल्यावर मागचा दाब आवरतो, आणि एक लाइन गेली तर दिवा लावतो. मोकळ्या हौद्याच्या पिकअपला मागे वजनच नसतं, त्यामुळे हे दाब आवरणं फार गरजेचं.

पाइप ३/१६ इंची, तांबे-निकेलचा. वाकवायला मऊ आणि गंजत नाही. प्रत्येक टोकाला डबल फ्लेअर (दुहेरी दुमडून फुलवलेलं तोंड). पहिले चार फ्लेअर तिरके आले, कापून टाकले. पाइप सरळ कापून आतली-बाहेरची कडा साफ केली की पुढचे सगळे नीट आले. होजच्या बँजो बोल्टला (ज्याच्या पोटातून ऑइल जातं त्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर.

सातवा रविवार: हवा

हा रविवार वाईट गेला. मास्टर बाकावर पकडून हवा काढून घेतली होती. गाडीवर चढवला, ताई पेडलवर बसली. "दाब", "धर", "सोड". आधी मागचं उजवं, मग मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं, म्हणजे मास्टरपासून लांबचं आधी. पुढची चाकं करताना कॉम्बिनेशन व्हॉल्व्हची पिन धरून ठेवली. दोन तास झाले, ऑइल संपत आलं, पेडल स्पंजसारखंच. ताई म्हणाली, "अरे, तुझा तो हवा काढायचा निपल खाली का आहे? हवा तर वर जाते ना?"

दोन्ही कॅलिपर उलटसुलट लावले होते, डावा उजवीकडे. दोन्ही व्यवस्थित बसतात, पॅड बसतात, होज बसतो. फक्त ब्लीड निपल खाली येतो आणि हवेचा बुडबुडा वर अडकून बसतो. अदलाबदल केली, बँजोचे वॉशर पुन्हा नवे घातले, आणि वीस मिनिटांत निपलमधून अखंड धार आली.

तरी पेडल थोडं खाली होतं. ते मागच्या ड्रममुळे. शू सैल होते, तेवढी पोकळी भरायलाच अर्धं पेडल जात होतं. स्टार व्हील (शूचं अंतर लावणारं दातेरी चाक) फिरवून हलकं घासेपर्यंत आवळले, मग किंचित सोडले. पेडल वर आलं आणि टणक झालं. त्या क्षणी ताईने नुसतं माझ्याकडे बघून मान हलवली.

ऑइल डॉट ३ घातलंय. या गडबडीत फायरवॉलवर सांडलं आणि हाताच्या तळव्याएवढा रंग उचलला गेला. शेजारी पाण्याची बादली ठेवा, सांडलं की लगेच धुवा.

नववा रविवार

मधला रविवार अलाइनमेंटमध्ये गेला. आज रस्त्यावर.

आधी मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने, पेडल पाच मिनिटं दाबून धरून, सगळे जोड कोरडे आहेत हे बघून. मग पॅड बसवून घेतले: ताशी ५० किलोमीटरवरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, दहा वेळा, मध्ये थोडं अंतर चालवून. नंतर ब्रेक न वापरता वीस मिनिटं थंड होऊ दिलं. तापलेला पॅड रोटरवर दाबून उभं राहायचं नाही, तिथे ठसा उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं.

मग ओल्या मोकळ्या जागेत मुद्दाम जोरात. पुढची चाकं आधी लॉक होऊ लागली, मागची फिरत राहिली, गाडी सरळ थांबली. हेच हवं होतं. पाय जरा जास्त लावावा लागतो, पण जेवढा लावू तेवढंच मिळतं, आणि ते प्रत्येक वेळी तितकंच मिळतं.

संध्याकाळी तोच लांब उतार. सहा वेळा ब्रेक मारला. सहाव्यांदाही पेडल पहिल्याच जागी होतं. खाली आल्यावर गाडी बाजूला घेऊन उतरलो आणि चाकाजवळ हात धरून गरम हवा नुसती अनुभवत उभा राहिलो.

राहिलेलं काम: हँडब्रेकची केबल थोडी सैल आहे, मागचे शू आवळल्यावर ती पुन्हा लावायची. फायरवॉलचा रंग. आणि पाचशे किलोमीटरनंतर दोन्ही बाजूंच्या पॅडची जाडी मोजायची, उजवा आणि डावा सारखे झिजतायत का ते बघायला. आकडे इथेच लिहीन.