भाडं भरून शेडमध्ये राहिलो

भोसरीतल्या माझ्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बत्तीस वर्षं काढली. उन्हाळ्यात वरून पत्रा भाजतो, पावसाळ्यात त्याच पत्र्याखाली फोन ऐकू येत नाही. त्यामुळे लेकीने बुक केलेल्या व्हिलाचे फोटो दाखवले तेव्हा मी आधी चष्मा पुसला. उघडं काँक्रीट, काळे आय-बीम, छताखालून उघडेच नेलेले वायरींचे कंड्युइट पाइप, वर पत्रा.

"प्लास्टर व्हायचंय का ग अजून?"

"बाबा, इंडस्ट्रियल स्टाइल म्हणतात त्याला."

एका रात्रीचं भाडं ऐकून ही उठून आत गेली.

लेक ह्यूस्टनला असते. तिथून मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाच्या सान होसेला थेट विमान आहे. पुढे उविता गावापर्यंत गाडीने साडेतीन तास. वाटेत तार्कोलेस नदीच्या पुलावर सगळे गाड्या लावून कठड्यावरून वाकून बघतात, खाली चिखलात मगरी पसरलेल्या असतात. पर्रिताच्या आसपास तेलताडाच्या बागा लागतात. पूर्वी तिथे केळी होती, त्यांना मर रोग लागला आणि कंपनीने ताड लावले. मग उजवीकडे पॅसिफिक आणि डावीकडे लगेच उठलेला हिरवा डोंगर. आमचा व्हिला त्याच डोंगरावर. दिवस ऑगस्टचे, म्हणजे भर पावसाचे. तिकडे मे ते नोव्हेंबर पाऊस असतो, म्हणून भाडी उतरलेली. ही उतरलेली, बरं का!

मला पडलेला प्रश्न असा की पैसेवाले लोक समुद्र सोडून डोंगरावर का चढले? उत्तर १९७७ च्या एका कायद्यात आहे. भरतीच्या रेषेपासून पहिले ५० मीटर सगळ्यांचे, तिथे खासगी काही नाही. पुढचे १५० मीटर फक्त सरकारी परवान्यावर. म्हणून समुद्र बघायचा तर वर जाऊन बघा. आपल्या कोकणात आणि गोव्यात सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारा नियम, १९९१ मध्ये आला, आणि त्याचं काय झालं ते किनाऱ्यावर फिरणाऱ्याला सांगायला नको.

शेवटचे दोन किलोमीटर खडी आणि लाल माती. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीशिवाय येऊ नका, असं बजावलं होतं ते खोटं नव्हतं. दोनदा चाक फिरलं, हिने दोनदा गणपती म्हटला.

व्हिला मात्र मी डोळे बारीक करूनच बघितला. काँक्रीटवर शटरिंगच्या, म्हणजे ते ओतायच्या साच्याच्या, फळ्यांच्या रेषा, लाकडाच्या गाठींसकट उमटलेल्या. हे दिसतं सोपं, पण प्लास्टरने चूक झाकायची सोय नसते. फळीतून सिमेंटचं पाणी गळलं की हनीकोंब, म्हणजे खडी उघडी पडलेला पोकळ डाग, कायमचा चेहऱ्यावर. इथे शोधून एकच सापडला, तोही जिन्याखाली. आणि काँक्रीट इथे केवळ दिखाव्यासाठी नाही. हवा अशी की कपाटातल्या चपलांना दोन दिवसांत बुरशी येते, लाकडाला वाळवी सोडत नाही. शिवाय भूकंपाचा देश. जमिनीखाली कोकोस नावाची भूपट्टी (प्लेट) कॅरिबियन प्लेटखाली सरकते आहे. ५ सप्टेंबर २०१२ ला उत्तरेला निकोयात ७.६ तीव्रतेचा धक्का बसला होता. उताराच्या बाजूचे कॉलम बघून मी मनातल्या मनात सळईचा हिशेब केला आणि निवांत झोपलो.

पत्र्याचं छत भिंतीच्या बाहेर चांगलं दीड-दोन मीटर आलेलं. म्हणून दिवाणखान्याला समुद्राच्या बाजूला भिंतच नाही, तरी दुपारच्या पावसाचा थेंब आत येत नव्हता. माझ्या शेडला दोन फुटांची झाप वाढवा म्हणून कामगार किती वर्षं सांगतायत.

याच डोंगरांत प्रागच्या फॉर्माफाताल स्टुडिओने अटेलिए व्हिला बांधला आहे. त्याला भोकं पाडलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आहेत. उचलले की छप्परासारखी सावली, पाडले की भिंत. दुकानाची फळी वर उचलायची तशी युक्ती. समुद्राच्या हवेत अ‍ॅल्युमिनियम निवडणाऱ्याला माझा सलाम, कारण आमच्या व्हिलाच्या फाटकाला कुणीतरी हौसेने कॉर्टेन स्टील वापरलं होतं. या स्टीलवर गंजाचा थर बसतो आणि तोच पुढचा गंज रोखतो, पण त्याला मध्ये मध्ये कोरडं व्हायला मिळालं तर. सतत ओल आणि मीठ असेल तर थर घट्ट होतच नाही. नखाने पापुद्रा निघाला.

"अहो, सुट्टीवर आलोय आपण," ही मागून म्हणाली.

पहाटे साडेचारला कुणी जुना कॉम्प्रेसर सुरू केला असं वाटून मी दचकून उठलो. हाउलर माकडं. तिकडे त्यांना काँगो म्हणतात. नाश्त्याला गाय्यो पिंतो, म्हणजे काळ्या घेवड्यात परतलेला भात. हिने त्यावर घरून आणलेली लसणाची चटणी घातली आणि राखणदाराच्या बायकोलाही चाखवली. त्या बाईने पुढच्या दोन्ही सकाळी वाटी पुढे केली.

ओहोटीला खाली उवितात गेलो. तिथे वाळूची पट्टी समुद्रात शिरून दोन्हीकडे फाकते, थेट व्हेलच्या शेपटीसारखी. भरतीला ती गायब. खरे हंपबॅक व्हेलही याच दिवसांत दक्षिणेकडून पिल्लं घालायला इथे येतात. होडीतून एकाची पाठ दिसली, काळी, ओली, मग नुसतं पाणी.

निघायच्या दिवशी सकाळी मी राखणदाराला गच्चीच्या कॉलमपाशी नेलं. त्याच्या तळाच्या बेसप्लेटच्या खोबणीत पाणी साचत होतं आणि बोल्टभोवती गंज सुरू झाला होता. मला स्पॅनिश येत नाही, त्याला मराठी. मी बोटाने भोक दाखवलं, मग पाणी वाहून जाताना दाखवलं. तो हसला, आत जाऊन ड्रिल मशीन घेऊन आला आणि माझ्याच हातात दिलं. लेक गाडीचा हॉर्न वाजवत होती.