एवढुसं तर आहे

रविवारी सकाळी साडेनऊला माझ्या हिशेबात ५ मफिन कमी भरले.

मी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघतो, त्यामुळे असली गोष्ट मला सोडवत नाही. ट्रेमधे २४ झाले होते, उरलेल्या पिठाचे अप्पेपात्रात ७, एकूण ३१. डब्यात शिल्लक ९. म्हणजे २२ गेले. विचारत सुटलो तर बायको म्हणाली ४, मुलगी ४, मुलगा ५ (तेही नाईलाजाने कबूल केलं), माझे ३, आणि आई म्हणाली, "म्या एकच घेतला बाबा, चव बघाय." बेरीज १७. बायको म्हणाली अहो ऑफिस घरी आणू नका, आणि भांडी घासायला घेतली.

पण खरी गोष्ट अशी की छोट्या खाण्याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. त्याच पिठाचे मी मोठे मफिन केले असते तर ते आठ-नऊ झाले असते, प्रत्येकाने एक घेतला असता, आईने तर हातसुद्धा लावला नसता कारण तिला शुगर आहे आणि डॉक्टरांनी गोड बंद सांगितलंय. पण हाच प्रकार एका घासाचा केला की तो गोड पदार्थ राहतच नाही, नुसतं "एवढुसं तर आहे" होतो. चहाबरोबर एक, पेपर उचलताना एक, फ्रीजकडे जाताना वाटेत डबा लागतो म्हणून एक. एवढुसं तर आहे म्हणत म्हणत आमच्या घरात दीड कप कणीक, तीन केळी आणि अर्धा कप गूळ सकाळी अकराच्या आत संपतो, आणि वर सगळे म्हणतात आज नाश्ता असा काही झालाच नाही.

हे खूळ सुरू झालं मुलीमुळे. तिला शाळेच्या छोट्या सुट्टीत पटकन खाता येईल असं काहीतरी पाहिजे होतं, पोळीचा रोल नको, उपीट गार होतं, चुरमुऱ्यांचा सुशीला तर डब्यात लगदा होऊन बसतो. घरात लग्नात आलेला एक ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन होता, बायकोने त्याच्यावर जुनी चादर टाकून वर बाहुल्या मांडलेल्या. तो खाली काढला, पुसला, आणि चोवीस खळग्यांचा एक छोटा ट्रे आणला. ट्रे बघून आई म्हणाली, "हे तर आपलं अप्पेपात्रच की रे, फक्त चौकोनी." आणि खरंच आहे. शेजारच्या तेलुगू काकू ज्याला गुंत पोंगनालू म्हणतात, माझ्या कन्नड मित्राकडे जे पड्डू म्हणून खातात आणि आपण ज्याला अप्पे म्हणतो, ते सगळं एका घासाचंच तर खाणं आहे. सोलापुरात एका गल्लीत तीन भाषा बोलतात पण खळगा सगळ्यांचा सारखाच. गुळाचे अप्पे माझी आजी श्रावणात करायची, तेव्हा त्याला बेकिंग म्हणायचं असतं हे कोणाला माहीत होतं.

पहिले तीन रविवार वाया गेले. मी आपलं मोबाईलवर बघून करायला गेलो आणि तिथे लिहिलेलं की लोणी 'रूम टेंपरेचरला' आणा. आता ही ज्यांची रूम २० डिग्रीची असते त्यांची भाषा. आमच्याकडे एप्रिल-मेमधे पारा ४२-४३ ला जातो, लोणी ओट्यावर ठेवून मी दात घासून येईपर्यंत त्याचं तूप व्हायच्या वाटेला लागलेलं. शेवटी लोण्याचा नादच सोडला आणि तेल घ्यायला लागलो. तेलाचं बरं असतं, त्याला ऋतू नसतो. आणि उन्हाळ्यात ओटीजी लावायचा तर सहा-साडेसहाच्या आतच, नाहीतर स्वयंपाकघरात उभं राहणारा माणूस आधी भाजून निघतो.

दुसरी चूक म्हणजे फेटणं. आई मागून सांगायची, "नीट घोट, गुठळ्या ऱ्हायल्यात," आणि आईच्या हातचं भज्याचं पीठ खाऊन मोठा झालेला मी आज्ञाधारकपणे घोटायचो. झालं असं की वर टोक काढलेले, आत बोगदे पडलेले, चावायला रबरासारखे गोळे तयार झाले. पीठ जितकं घोटाल तितकी गव्हातली चिकटी वाढते, पोळीला ती पाहिजेच, मफिनला ती शत्रू. आता मी कोरडं एका पातेल्यात, ओलं एका पातेल्यात, आणि दोन्ही एकत्र केल्यावर उलथन्याने दहा-बारा वेळा वरखाली, बास. गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या. आईला हे अजून बघवत नाही, ती त्या वेळेला मुद्दाम देवघरात जाते.

अंडं आमच्याकडे नाही, म्हणून दही आणि सोडा. दह्याच्या आंबटपणाने सोडा फसफसतो आणि त्याच्या बुडबुड्यांनी पीठ फुलतं, गूळही थोडा हात देतो. पण एकदा कालवलं की थांबायचं नाही, बुडबुडे कोणाची वाट बघत नाहीत, ओव्हन आधीच तापलेला पाहिजे. याच्यावर वाचताना एक गंमत कळली. बर्मिंगहॅममधे आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधवाला होता, त्याच्या बायकोला अंडी पण सोसायची नाहीत आणि यीस्ट पण. तर त्याने तिच्यासाठी आधी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली आणि मग १८४३ मधे यीस्टशिवाय फुगणारी बेकिंग पावडर. म्हणजे ही सगळी भानगड एका माणसाच्या घरच्या पथ्यातून निघाली. मला तो माणूस एकदम आपल्यातला वाटला. आमच्या घरात पण एकाला शुगर, एकाला मैदा नको, एकीला वेलची आवडत नाही, एकाला जायफळाने झोप येते (दहावीला आहे, त्याला कशानेही येते).

केळी मात्र आमची एक नंबर. करमाळ्याकडची, उजनीच्या पाण्यावरची केळी बाजारात येतात, ती घ्यायची आणि विसरून जायची. साल काळं पडायला लागलं, घरातल्या सगळ्यांनी त्याच्याकडे बघून नाक मुरडलं की समजायचं आता तयार झाली. पिकता पिकता आतल्या पिठाची साखर होत जाते, मग वरून गूळ कमी पुरतो. आई दर वेळेला तेच म्हणते, "केळी पिकल्यात तर शिकरण कर की, कशाला भट्टी पेटवायलास?" मी दर वेळेला सांगतो की शिकरण डब्यात नेता येत नाही. ती म्हणते, आम्ही न्यायचो. कशात न्यायचे हे सांगत नाही.

खरं तर भट्टीचं वेड तिनेच लावलंय. आमच्या लहानपणी घरात कुठला आलाय ओव्हन, दिवाळीच्या आधी रवा, मैदा, डालडा, पिठीसाखर घरी मळून तो डबा डोक्यावर घेऊन गल्लीच्या टोकाच्या बेकरीत न्यायचा. तिथे पत्रे मिळायचे, काळे, तेलाने माखलेले, त्याच्यावर बायका मांडी घालून नानकटाया थापायच्या आणि पत्र्याच्या कडेला खडूने नाव लिहायच्या. पण खडू भट्टीत जाऊन आला की नाव वाचता यायचं नाही, म्हणून प्रत्येकीची आपली एक खूण असायची, कोणी चारोळी, कोणी काट्याची नक्षी, आमची आई मधोमध अंगठा दाबायची. रात्री नऊ-दहाला पत्रा भट्टीतून निघायचा तेव्हा मी तिथे राखण करत बसलेला असायचो, आणि अंगठ्याची खूण बघून ओरडायचो, आमचा आमचा! तो भट्टीवाला लांब लाकडी फळीने पत्रा ओढून माझ्या समोर सरकवायचा, गरम वास नाकात शिरायचा, आणि हात लावायची सोय नाही कारण नानकटाई गरम असताना धरली की भुगा होते. त्या गार व्हायला जो वेळ लागायचा तेवढा वेळ आयुष्यात परत कुठल्याच गोष्टीची वाट बघितली नसेल मी.

छोट्या मफिनचं त्या बाबतीत सुख आहे. मोठा मफिन २० ते २५ मिनिटं घेतो, हा १८० डिग्रीवर ११-१२ मिनिटांत तयार, कारण आच मधापर्यंत पोचायला अंतरच किती. आणि गार व्हायला पाच मिनिटं. पण तेवढ्यातही घात होतो. मागच्या महिन्यात सातव्या मिनिटाला लाईट गेली. घरातला इन्व्हर्टर पंखे-बल्ब चालवतो, दीड हजार वॅटचा ओव्हन त्याच्या बापाच्याने ओढवणार नाही. मी काचेतून मोबाईलचा टॉर्च मारून बघतोय, तर फुगून वर आलेले चोवीसच्या चोवीस डोळ्यांदेखत खाली बसले, वरून शिजलेले, मधे कच्चे, अगदी गाल आत गेलेल्या म्हाताऱ्यासारखे. पोरांनी तोंड फिरवलं. आईने काय केलं, सगळे चमच्याने कढईत काढले, थोडं तूप, थोडं दूध घातलं, गॅसवर पाच मिनिटं परतलं आणि ताटलीत वाढलं. केळ्याचा सांजा म्हणाली. मुलगा दोनदा घेऊन गेला. त्या दिवशी हिशेबाचा प्रश्नच आला नाही, कढईतलं मोजता येत नाही.

आणि हो, पाण्याचा दिवस. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, ते रविवारी पहाटे आलं की मफिन रद्द, सगळं घर बादल्या, पिंप आणि मोटार यांच्या मागे. हे कुठल्याही रेसिपीत लिहिलेलं नसतं.

मधे एकदा ज्वारीचे पण करून बघितले. मंगळवेढ्याची मालदांडी घरात असताना कणीक कशाला, असा माझा अभिमान. पण ज्वारीत ती गव्हाची चिकटी नाहीच, नुसत्या ज्वारीचे मफिन कागदातून काढताना हातात रवा आला. निम्मी ज्वारी निम्मी कणीक घेतली तेव्हा कुठे जमलं, आणि त्यात शेंगापोळीचं सारण, म्हणजे भाजलेल्या शेंगांचा कूट, गूळ, तीळ, ते चमचाभर मधे घातलं. सांगतो, केळ्याच्यापेक्षा ते भारी झाले. शेंगा आणि गूळ ओव्हनमधे गेला की खालून थोडा करपतो आणि तो करपलेला तळच लोक आधी खातात. ऑफिसमधे डबा नेला तर एक जण म्हणाला, "काय बे, शेंगापोळीला लहान करून टाकलास," आणि चार उचलले. ते पण त्याच्या हिशेबात एकच असणार.

तर ते ५ मफिन. मी काय सोडतो का. अप्पेपात्रातल्या सातांना कागद नसतो, ते बिनपावतीचे, त्यांचा माग लागणं शक्य नाही. पण ट्रेमधल्या प्रत्येकाला खाली कागदी वाटी असते, म्हणजे व्हाउचरच. डब्यातले ९ सगळे कागदवाले होते, त्याअर्थी १५ कागद कचऱ्यात पाहिजेत. बायको बघत नाही असं बघून कचऱ्याचा डबा उघडला. १२ निघाले. कोपऱ्यात बघितलं, मुलाच्या टेबलाखाली बघितलं (तिथे वेफरची दोन पाकिटं सापडली, तो वेगळा विषय), सोफ्याच्या फटीत बघितलं. ३ कागद बेपत्ता.

संध्याकाळी दिवा लावताना वारा यायला लागला म्हणून देवघराची खिडकी लावायला गेलो. आईचं हरिपाठाचं पुस्तक चौरंगावर होतं, वाऱ्याने पानं उलटत होती, आणि त्यातून एक छोटा गोल पांढरा कागद उडून माझ्या पायाशी पडला. कडेला बारीक चुण्या, मधे तेलाचा डाग. उचलला, वास घेतला, केळं आणि जायफळ. पुस्तक उघडलं तर आत आणखी दोन, नीट बोटाने दाबून सपाट केलेले, तीन वेगळ्या अभंगांवर खूण म्हणून ठेवलेले.

मी तिसरा कागद जागेवर ठेवला, म्हणजे मला वाटलं ती जागा, आणि काही बोललो नाही. व्हाउचर मिळालं होतं, एंट्री मात्र कुठल्या खात्यावर टाकायची कळेना. तिची फास्टिंग शुगर पुढच्या आठवड्यात तपासायची आहे, ते तेव्हा बघू, मनात म्हणालो पुढच्या खेपेला गूळ अर्ध्याचा पाव कप करायचा.

जेवताना आई भाकरीवर शेंगाचटणी घेत घेत माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणीतरी माझं पुस्तक चाळलंय. खूण दुसऱ्या पानावर गेली." मग थोडं थांबून, "ते कागद रंगीत मिळतेत का बघ रे. पांढरा पानात दिसतच न्हाई."