आमची वाटचाल : सूचना कामगाराच्या नजरेसमोर

आमचा व्यवसाय सुरू झाला तो यंत्रांच्या देखभालीच्या पुस्तिका तयार करून देण्यापासून. पुस्तिका नेटक्या असत, परंतु बहुधा सुपरवायझरच्या कपाटात पडून राहत आणि फिटर आठवणीवर भिस्त ठेवून काम करी. तेलकट हातमोजे घालून पाने उलटणार तरी कोण? काम जिथे चालले आहे तिथेच सूचना दिसावी, या विचाराने आम्ही ऑगमेंटेड रिअॅलिटीकडे, म्हणजे समोरच्या खऱ्या वस्तूवरच संगणकाने खुणा आणि सूचना उमटवण्याच्या तंत्राकडे, वळलो. अनेकांना हे तंत्र मोबाइलवरील खेळांमुळे ठाऊक असले, तरी १९९२ मध्ये बोइंगमधील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी ते मांडले ते विमानातील तारांची जोडणी करणाऱ्या कामगारांसाठीच, ही गोष्ट आम्ही ग्राहकांना आवर्जून सांगतो.

आमचे पहिले मोठे काम पाइपांच्या फ्लँजजोडणीचे, म्हणजे पाइपांच्या टोकांवरच्या गोल कडा बोल्टने एकमेकींना जोडण्याचे, होते. फ्लँजचे बोल्ट ओळीने आवळत गेल्यास मधल्या गॅस्केटवर (गळती रोखणाऱ्या चकतीवर) असमान दाब येऊन गळती होऊ शकते. म्हणून ते समोरासमोरच्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने, आधी साधारण ३० टक्के, मग ६० ते ७० टक्के आणि शेवटी पूर्ण टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या ठरलेल्या जोरापर्यंत) आवळावे लागतात. आम्ही केलेल्या व्यवस्थेत स्टँडवरील टॅब्लेटच्या पडद्यावर पुढच्या बोल्टभोवती पिवळे कडे दिसते, ब्लूटूथने जोडलेल्या टॉर्क रेंचकडून (हा जोर मोजणाऱ्या पान्ह्याकडून) ठरलेला आकडा आला की ते हिरवे होते, आणि नवे पिवळे कडे समोरच्या बोल्टभोवती उमटते. फ्लँज गोल असल्यामुळे पहिला बोल्ट कोणता हे कॅमेऱ्याला एरवी ओळखता येत नाही, त्यासाठी शेजारी खुणेचे स्टिकर लावावे लागते. ते तेलाने माखले किंवा त्यावर उजेड चमकला, की कडी जागा सोडतात. या कामातला निम्मा घोर या स्टिकरचाच असतो.

दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून सूचना डोळ्यांसमोरच दाखवणाऱ्या चष्म्याची मागणी ओघाने आलीच. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या अशा चष्म्याचे वजन ५६६ ग्रॅम आणि बॅटरी दोन-तीन तासांची, तर पाळी आठ तासांची. शिवाय २०२४ मध्ये त्याचे उत्पादनही थांबले. म्हणून आम्ही सूचनांचा मजकूर कोणत्याही एका उपकरणाला बांधून ठेवत नाही. काम एकाच टेबलावर होत असेल, तर वरून प्रकाश टाकणारा प्रोजेक्टर आम्हाला अधिक बरा वाटतो, कारण तो कोणाच्या डोक्यावर चढत नाही.

जो माणूस तीच जोडणी रोज करतो, त्याला अशा सूचनांचा अडथळाच होतो, हे आम्ही काम घेण्यापूर्वी स्पष्ट सांगतो. नवशिक्या कामगाराला, किंवा वर्षातून एखाद्या वेळीच निघणाऱ्या दुरुस्तीच्या कामात जाणत्यालाही, त्यांचा खरा उपयोग होतो. कॅमेरा आला की आपल्यावर पाळत ठेवली जाईल ही कामगारांची शंका रास्त आहे. त्यामुळे नोंद बोल्टची ठेवायची, कोणाला किती वेळ लागला याची नाही, अशी अट आम्ही करारातच घालतो.

सूचना लिहिताना ड्रॉइंगइतकेच महत्त्व आम्ही अनुभवी फिटरच्या शब्दांना देतो, कारण पान्हा कोणत्या बाजूने आत शिरतो हे ड्रॉइंगमध्ये नसते. ड्रॉइंग बदलले की या फिटरनाच आमच्याविना पायऱ्या दुरुस्त करता याव्यात, यासाठीचे सॉफ्टवेअर सध्या आम्ही तयार करत आहोत.