हे कधीपासून खरं?

पेरोलच्या, म्हणजे पगाराच्या नोंदी भरायच्या कामावर मला बसवलं तेव्हा पहिला कट-ऑफ, म्हणजे त्या महिन्याच्या नोंदी भरायची शेवटची वेळ, अकरा दिवसांवर होता आणि ट्रेमध्ये फॉर्म्सचा गठ्ठा होता. नेमणुका, बढत्या, बदल्या, बिनपगारी रजा, राजीनामे. काम सोपं वाटलं. फॉर्म बघायचा, स्क्रीन उघडायची, माहिती भरायची, सेव्ह करायचं. स्क्रीनवर सगळ्यात वर ‘इफेक्टिव्ह डेट’, म्हणजे बदल लागू होण्याची तारीख, या नावाचा रकाना होता. त्यात आजची तारीख आपोआप आलेली असायची, म्हणून मी तिला हातच लावत नव्हते.

पगार झाल्यावर एक गृहस्थ पगाराची स्लिप घेऊन आले. आवाज न चढवता म्हणाले, “मॅडम, माझी बढती एक तारखेपासून आहे. नवीन पगार नऊच दिवसांचा आलाय.” मी फॉर्म काढला. बढती १ तारखेपासून होती, आदेशावर सही ५ तारखेची, विभागाकडून कागद आमच्याकडे आला १९ तारखेला आणि मी तो भरला २२ तारखेला. एका कागदावर चार तारखा होत्या. त्यातली पगाराशी ज्या तारखेचा सर्वांत कमी संबंध, तीच प्रणालीत गेली होती. महिना तीस दिवसांचा. २२ ते ३० म्हणजे नऊ दिवस. प्रणालीने तिला सांगितलं तेवढंच अचूक केलं होतं. एकवीस दिवसांचा फरक त्यांना पुढच्या महिन्यात मिळणार होता आणि तोवर थांबायला त्यांना मी सांगणार होते.

दुरुस्ती करतानाही मी चुकले. १ तारखेची नवीन रो, म्हणजे नोंदीची ओळ, घातली आणि २२ ची तशीच राहू दिली. पगार बरोबर येऊ लागला, पण त्यांच्या नोंदींत एकाच बढतीच्या दोन रो दिसू लागल्या आणि पुढची वेतनवाढ केव्हा येते ते प्रणालीने अलीकडच्या रोवरून मोजलं. हे आमच्या विभागातल्या ज्येष्ठ मॅडमच्या नजरेला आलं. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतली आणि म्हणाल्या, “अगं, ही तारीख तुझ्या कामाची नाही. ती त्या माणसाची आहे. भरताना एकच विचार, हे कधीपासून खरं?”

आमच्या प्रणालीत माणसाची नोकरी म्हणजे एकाखाली एक रो. प्रत्येक रोला लागू होण्याची तारीख असते आणि ती रो पुढच्या रोच्या आदल्या दिवसापर्यंत चालते. जुनं पुसलं जात नाही, खाली सरकतं. म्हणून आज उघडून गेल्या वर्षी मार्चमध्ये हा माणूस कुठे होता आणि त्याला किती पगार होता, ते सांगता येतं. पीपलसॉफ्टसारख्या प्रणालीत शेवटची तारीख लिहावी लागत नाही, पुढची रो आली की आधीची आपोआप संपते. सॅपमध्ये प्रत्येक नोंदीला सुरुवात आणि शेवट दोन्ही असतात आणि पुढे काही ठरलेलं नसेल तर शेवटच्या रकान्यात ३१ डिसेंबर ९९९९ असतं. ओरॅकलच्या प्रणालीत तेच काम ३१ डिसेंबर ४७१२ ही तारीख करते. पद्धत कुठलीही असो, कर्मचाऱ्याचा एकही दिवस रोशिवाय राहता कामा नये आणि एकाच दिवसावर दोन रोंचा हक्क असता कामा नये. हे मला पटलं तेव्हापासून मी तारखेचा रकाना सर्वांत शेवटी नाही, सर्वांत आधी भरायला लागले.

राजीनाम्याच्या फॉर्मवर मी आणखी अडखळले. फॉर्मवर ‘कामाचा शेवटचा दिवस’ असं लिहिलेलं असतं. एकाचा शेवटचा दिवस ३१ होता, मी ३१ भरला. आमच्या प्रणालीत नोकरी संपल्याच्या रोची तारीख म्हणजे माणूस नोकरीत नसल्याचा पहिला दिवस. त्यामुळे तिने पगार ३० पर्यंत धरला. शेवटच्या हिशोबात एक दिवस कमी आला आणि सेवेच्या दाखल्यावरही ३० छापलं गेलं. पगाराच्या स्लिपमध्ये काही चुकलं तर माणूस दुसऱ्या दिवशी टेबलापाशी येतो. हा माणूस आता येणार नव्हता. त्याने दुसरीकडे रुजू होताना तो दाखला दाखवला असणार. मला ती चूक महिन्याच्या ताळमेळात सापडली नसती तर कोणालाच कळली नसती. मी त्याला फोन केला, माफी मागितली, दुरुस्त दाखला पाठवला. त्या दिवसापासून राजीनाम्याच्या प्रत्येक फॉर्मवर मी पेन्सिलीने ‘शेवटचा दिवस अधिक एक’ लिहून मगच स्क्रीन उघडते.

हा नियम सगळीकडे सारखा नसतो, हेही सांगायला हवं. काही प्रणाली नोकरी संपल्याची तारीख म्हणून कामाचा शेवटचा दिवसच मागतात. तिथे एक दिवस वाढवला तर माणसाला न केलेल्या दिवसाचा पगार जातो. नवीन प्रणाली हाती आली की मी आधी एक चाचणीचा कर्मचारी घेऊन त्याची नोकरी संपवते आणि पगार किती दिवसांचा येतो ते मोजते. मॅन्युअल वाचण्यापेक्षा हे मला जास्त खात्रीचं वाटतं.

शनिवार-रविवारने मला बराच काळ दमवलं. महिन्याची १ तारीख रविवारी आली आणि नवीन माणूस सोमवारी २ तारखेला हजर झाला, तर नेमणूक कधीपासून? मासिक पगाराच्या माणसाच्या नेमणूक पत्रात १ तारीख असेल तर रोवर १ च हवी. २ घातली तर पहिल्याच पगारात एक दिवस जातो, तोही सुट्टी होती म्हणून. पत्रात ‘रुजू झाल्यापासून’ असेल तर मात्र २. म्हणजे उत्तर कॅलेंडरमध्ये नाही, पत्रात आहे. बदलीचं त्याहून वेगळं. शुक्रवारी जुन्या विभागात शेवटचा दिवस, सोमवारी नव्या विभागात पहिला. बदलीची रो सोमवारची. मधले दोन दिवस जुन्या विभागाच्या रोखालीच जातात आणि त्यात काही बिघडत नाही. मी एकदा जुन्या विभागातून शुक्रवारी नोकरी संपवून नव्यात सोमवारी नव्याने नेमणूक घातलेली पाहिली आहे. त्या दोन दिवसांमुळे माणसाची सलग सेवा तुटली आणि साठलेली रजा शून्यावर आली. ती परत जोडायला आम्हाला तीन दिवस लागले.

आता ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले, ते प्रकरण.

एका कर्मचाऱ्याची वेतनवाढ आगाऊ भरून ठेवली होती, पुढच्या महिन्याच्या १ तारखेची. आगाऊ भरलेली रो शांतपणे वर बसून असते आणि तिचा दिवस आला की लागू होते. मध्येच त्यांच्या बदलीचा कागद आला, चालू महिन्याच्या १५ तारखेपासूनचा. मी १५ ची रो घातली, नवा विभाग निवडला, सेव्ह केलं. स्क्रीनवर नवा विभाग दिसला. दोन आठवडे सगळं ठीक चाललं. १ तारीख उजाडली आणि ते प्रणालीत पुन्हा जुन्या विभागात गेले.

कोणीही काही बदललं नव्हतं. नव्या विभागाच्या प्रमुखांना त्यांची हजेरी मंजूर करता येईना. त्यांचा रजेचा अर्ज जुन्या प्रमुखांकडे गेला आणि जुन्या प्रमुखांना वाटलं चुकून आलाय, म्हणून त्यांनी तो नाकारला. महिनाअखेरीस पगाराचा खर्च जुन्या विभागाच्या खात्यावर पडला. त्या कर्मचाऱ्याला तर आपली बदली कोणी गुपचूप रद्द केली की काय, अशी शंका आली. ते माझ्यासमोर बसून हळूच म्हणाले, “तिथे माझ्याबद्दल कोणी काही बोललं का?” तो प्रश्न अजून माझ्या मनातून जात नाही. तारखेच्या एका रकान्याने माणसाला स्वतःच्या कामाबद्दल शंका यावी इथपर्यंत नेलं होतं.

कारण असं होतं. वेतनवाढीची रो भरली तेव्हा प्रणालीने त्या वेळची सगळी माहिती, पद, विभाग, प्रमुख, तिच्यात जशीच्या तशी उतरवून घेतली होती आणि फक्त पगार बदलला होता. मी १५ ला केलेला बदल १५ च्या रोपुरताच होता. वरच्या रोपर्यंत तो आपोआप पोचत नाही. १ तारखेला ती रो जिवंत झाली आणि तिच्या पोटातला जुना विभागही तिच्याबरोबर जिवंत झाला.

तेव्हापासून मी कुणाच्याही नोंदीत चालू रो एवढीच बघून काम करत नाही. आधी पूर्ण इतिहास उघडते आणि सर्वांत वरच्या रोपासून वाचायला सुरुवात करते. पुढच्या तारखेची रो असेल तर नवा बदल तिच्यातही घालते, मग सेव्ह करून दोन्ही रो परत उघडून बघते. याला दोन मिनिटं जास्त लागतात. गठ्ठा मोठा असला की ती दोन मिनिटं जड वाटतात, तरी मी ती सोडत नाही.

एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या, म्हणजे १ तारखेला बदलीही आणि वेतनवाढही, तर तारीख तीच ठेवून रोचा क्रमांक बदलायचा. पहिलीला ०, दुसरीला १. तारखा मागेपुढे करून दोन रो बसवू नयेत. एवढंच.

मागच्या तारखेचे कागद मात्र एवढ्यात आटपत नाहीत. कागद उशिरा आला, दोन महिन्यांचे पगार होऊन गेले, पेरोल लॉक झाला, आता काय? बाजूच्या टेबलावरून सल्ला येतो, “चालू महिन्याची १ तारीख घाला, मागचा फरक हाताने देऊन टाका.” मी हे कधीच करत नाही. पहिलं कारण, तारीख खोटी पडते आणि पुढे सेवाकाळ, वेतनवाढ, निवृत्तीचा हिशोब त्याच खोट्या तारखेवर उभा राहतो. दुसरं कारण मी स्वतः बघितलंय. फरक हाताने दिला आणि सहा महिन्यांनी कोणीतरी तारीख दुरुस्त केली. प्रणालीला हाताने दिलेल्या पैशांची या हिशोबात नोंद नव्हती, तिने मागचा फरक पुन्हा काढला आणि तोच पैसा दुसऱ्यांदा गेला. मग वसुली. खरी मागची तारीख घातली तर प्रणाली स्वतः मागे जाऊन दर महिन्याचा पगार नव्याने मोजते आणि फरक पुढच्या पगारात आणते. किती मागे जायचं याला मर्यादा घातलेली असते. तारीख मर्यादेच्याही मागे असेल तर लेखा विभागाला विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

फरक उलटा असेल तर जास्त जपायला हवं. बिनपगारी रजेचा कागद दोन महिने उशिरा आला की रो खऱ्या तारखेचीच घालावी लागते आणि प्रणाली सगळी कपात एकाच पगारात करते. माणसाच्या हातात निम्मा पगार पडतो. त्याची चूक काही नसते, कागद कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिलेला असतो. माझं ठाम मत आहे की अशा वेळी सेव्ह करण्याआधी त्याला फोन जायला हवा आणि हप्त्यांची सोय विचारायला हवी. तारीख बदलून त्याला वाचवायला मी जात नाही. वसुली किती महिन्यांत करायची, एवढंच बदलता येतं.

विभागप्रमुख कधी कधी म्हणतात, महिन्याच्या मध्ये कशाला, एक तारीखच करा, हिशोब सोपा होईल. सोपा होतो हे खरं. ३१ दिवसांच्या महिन्यात १६ पासून वाढ दिली तर जुन्या पगाराचे १५ दिवस आणि नव्याचे १६. भागाकार ३१ ने करायचा, ठरावीक ३० ने करायचा की कामाच्या दिवसांनी, यावर रक्कम बदलते. ३० ने केला तर १५ आणि १६ मिळून ३१ होतात आणि एका दिवसाचं काय करायचं ते नियमात आधी ठरलेलं असावं लागतं. तरीही सोय म्हणून मी तारीख हलवत नाही. आदेश बदलून द्या, मी १ घालते, असं सांगते. बहुतेक वेळा आदेश बदलत नाही.

अलीकडच्या एका गठ्ठ्यातला एक फॉर्म मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण मला तो कळत नव्हता. एका ताईंची बिनपगारी रजा १४ तारखेपर्यंत मंजूर होती. फॉर्मवर ‘कामावर परत आल्याची तारीख’ १७. मधले १५ आणि १६ शनिवार-रविवार. रजेवरून परतल्याची रो १७ ची घातली तर ते दोन दिवस बिनपगारी जाणार, १५ ची घातली तर पगारी. दोनच दिवस, पण ताईंचा आधीचा सगळा महिना पगाराविना गेलेला. मी फोन केला.

“मी सतरालाच आले,” त्या म्हणाल्या. “शनिवारी यायला तयार होते हो, पण ऑफिस बंद.”

मॅडमना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, रजेची मंजुरी माझ्यापुढे ठेवली आणि नियमावलीचं पान उघडलं. मंजुरीत रजा १४ पर्यंतच होती आणि रजेला मागून जोडून येणाऱ्या सुट्ट्या आमच्याकडे रजेत धरत नाहीत. मी १५ तारीख घातली. वर पुढची रो आहे का ते बघितलं, नव्हती. शेऱ्यात मंजुरीचा क्रमांक आणि १७ ला प्रत्यक्ष हजर झाल्याचं लिहिलं, सेव्ह केलं आणि ट्रे रिकामा झाला तेव्हा कट-ऑफला दीड तास उरला होता.