तुम्ही विचारलंत म्हणून : "तुमच्या घरचं माणूस असतं तर?"

थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन आम्ही काही पेशंटमध्ये फक्त मानेच्या नसांना भूल देऊन करतो. पेशंट जागा असतो, बोलतो. हे कळलं की प्रश्न ठरलेला : "मॅडम, तुमच्या घरचं माणूस असतं तर असंच जागं ठेवून कापलं असतं का?" मी भूल देणारी डॉक्टर. नातेवाइकांनी विचारलं तर मी शांतपणे सांगते. पुण्या-मुंबईत स्थिरावलेले माझे वर्गमित्र विचारतात तेव्हा मात्र डोकं फिरतं. भूल म्हणजे काय हे त्यांना तरी माहीत आहे.

पैसे वाचवायला करतो, हा आरोप आधी बाजूला ठेवू. पैशाचा प्रश्न आहे, पण औषधाच्या बिलात नाही. पूर्ण भूल म्हणजे घशातून श्वासनलिकेत नळी. गाठ मोठी असेल तर श्वासनलिका एका बाजूला सरकलेली असते, कधी दबलेली. मोठ्या रुग्णालयात अशा पेशंटला जागेपणीच दुर्बिणीवरून नळी घालतात आणि ती बरोबर जागी गेली की नाही हे कॅप्नोग्राफवर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावर, लगेच कळतं. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात पूर्ण भूल द्यायचं बॉईल्स मशीन आहे, जम्बो सिलिंडर आहेत, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. ऑक्सिमीटर खरं सांगतो, पण उशिरा सांगतो. झोपवल्यावर नळी गेलीच नाही, तर इतर पेशंटमध्ये शेवटचा उपाय म्हणून गळ्यातून वाट करता येते. इथे नेमकी तिथेच गाठ बसलेली. वर्गमित्रांनो, हे वाक्य पुन्हा वाचा.

"मग केटामाइन द्या की," असं सर्जनही सुचवतात, म्हणजे नळी न घालता झोपवणारं इंजेक्शन. थायरॉईडच्या पेशंटची नाडी आणि बीपी आणखी पळवणारं औषध मी का देऊ? शिवाय अर्धवट झोपलेला, न बोलणारा माणूस आणि उघडा गळा ही मला सगळ्यांत नकोशी जोडी.

नसांची भूल सगळ्यांना देत नाही. थायरॉईडचे हार्मोन आधी औषधांनी ताब्यात आलेले हवेत. गाठ छातीच्या हाडामागे उतरलेली नको, कॅन्सरची पसरलेली नको. सपाट झोपल्यावर ज्याला दम लागतो त्याला नाही, लहान मुलांना नाही. अशांना मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी.

शिकत असताना मी स्वतः या पद्धतीला हसायचे. थिओडोर कोखर या स्विस सर्जनला थायरॉईडवरच्या कामासाठी 1909 साली नोबेल मिळालं. तो कोकेन टोचून जाग्या माणसाची गाठ काढायचा. आम्ही म्हणायचो, त्याच्यापुढे दुसरा पर्याय क्लोरोफॉर्मचा होता म्हणून. माझ्यातल्या त्या शिकाऊ मुलीचं म्हणणं आजही पुरतं खोडता येत नाही. माझ्यापुढेही पर्याय काय आहेत, यावरच तर सगळं ठरतं.

एका मावशींचं सांगते. पंचेचाळिशीच्या, जेमतेम पंचेचाळीस किलो, उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ. संभाजीनगरच्या घाटीची, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याची, चिठ्ठी दिली होती. कापूस वेचणी चालू, सोबत राहायला कुणी नाही, म्हणून चिठ्ठीसकट परत आल्या. मानेच्या कडेच्या स्नायूमागे, साधारण मध्यावर, कातडीखाली दोन्ही बाजूंना पाव टक्का ब्युपिव्हॅकेन हे बधिर करणारं औषध 10-10 मिली दिलं. यापेक्षा खोल आणि तेही दोन्हीकडे टोचलं तर श्वासाच्या पडद्याच्या नसा बधिर होऊ शकतात, त्यामुळे तो मोह नको. वीस मिनिटं थांबलो. खांद्याखाली उशी, मान मागे, तोंडावर हिरव्या कापडाचा तंबू. मी त्या तंबूत डोकं घालून बसलेले. कॉटरी, म्हणजे रक्त थांबवायला विजेने डागायचं यंत्र, चालू असताना ऑक्सिजन बंद करायचा, नाहीतर कापडाखाली भडका उडू शकतो. तेवढ्यासाठीही मला तिथेच बसावं लागतं.

मावशी तुरीच्या भावाबद्दल बोलत होत्या. सर्जन गाठीच्या वरच्या टोकाला पोचले तसा त्यांचा चेहरा आवळला. "दुखायलंय का?" "दुखत न्हाई, पर वढल्यावानी व्हायलंय." ते ओढणं या भुलीने जात नाही. फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक अगदी थोडं दिलं. जास्त दिलं असतं तर त्या झोपल्या असत्या आणि जागं ठेवण्याचा अर्थच गेला असता. बोलत राहा म्हटलं. त्यांनी "आई राजा उदो उदो" सुरू केलं. तिसऱ्या-चौथ्या उदोला आवाज घोगरा झाला, हवा सुटल्यासारखा. "सर, आवाज!" सर्जननी चिमटा सोडला. पाच-सहा श्वासांत आवाज परत आला. मग त्यांनी वेगळ्या बाजूने सोडवत जाऊन गाठ काढली. आवाजाची नस त्या चिमट्यामुळेच ताणली होती का, हे सिद्ध करता येणार नाही. झोपलेल्या पेशंटमध्येही चांगला सर्जन नस डोळ्यांनी शोधून वाचवतोच.

टाके काढायला मावशी आल्या, खणखणीत आवाजात बोलल्या. मी खूश. मग म्हणाल्या, "पुन्यांदा करायचं आलं तर मला झोपवूनच करा, म्याडम. सरांनी 'रक्त येतंय' म्हणलेलं म्या ऐकलं. मला वाटलं, संपलं." बाहेर त्यांचा भाचा कुणाला तरी फोनवर सांगत होता की दवाखान्याने भुलीचे पैसे वाचवले.

भाच्याचा राग आला. मावशींच्या बोलण्याला काय उत्तर द्यायचं ते सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

तर घरचं माणूस. माझी बहीण असती तर मी तिला गाडीत घालून घाटीत नेलं असतं आणि पूर्ण भूल द्यायला लावली असती. हो. रात्री तिच्या उशाशी मी बसले असते. कारण ऑपरेशननंतर पहिल्या दिवसात गळ्यात रक्त साचलं तर भूल कोणती दिली होती हे कुणी विचारत नाही. खाटेवरच टाके उघडणारा माणूस जवळ लागतो. आमच्याकडे त्या मावशींच्या उशाशीही टाके कापायचा ट्रे ठेवला होता आणि सिस्टरला दोनदा दाखवला होता. "म्हणजे जे जाऊ शकत नाहीत त्यांना दुय्यम भूल?" ती शिकाऊ मुलगी विचारते. दुय्यम नाही गं, वेगळी. "मग बहिणीला का नाही?"

कॅप्नोग्राफची मागणी लावून धरली आहे. तो आला तरी लहान गाठ आणि धीट माणूस असेल तर मी नसांचीच भूल सुचवेन. फक्त आता आदल्या संध्याकाळी कॉटवर बसून सांगते : ओढलेलं कळेल, आमचं बोलणं ऐकू येईल, मध्येच घाबराल. नको असेल तर चिठ्ठी देते. काही जण चिठ्ठी घेतात.