काकीच्या मागीलदारची फासकी

मे महिना. सकाळचे सहाही वाजले नव्हते आणि फोन आला. "बाये, लवकर ये. मागीलदारी काय तरी फासकीत गावला हा. वरडता हा." कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीतली काकी. मी वनरक्षक, आणि ती वाडी माझ्याच बीटात येते. फासकी म्हणजे जनावर पकडायला लावलेला तारेचा फास. ते ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. ती का लागली असेल, हे मला विचारावं लागलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी याच घरातून मी आर पकडून नेला होता. आर म्हणजे अजगर. रात्री फटीतून खुराड्यात शिरला, कोंबडी गिळली, आणि फुगलेल्या पोटानिशी त्याला त्याच फटीतून बाहेर पडता येईना. मी त्याला पोत्यात घातलं. तो बिनविषारी असतो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारू नका, असं सगळं काकीला सांगितलं आणि निघाले. फट मला दिसली होती. पण जनावर उचललं की माझं काम संपलं, अशी तेव्हा माझी समजूत होती. नंतरच्या आठवड्यांत काकीच्या चार कोंबड्या गेल्या. तिने मला फोन केला नाही. का करावा?

मागच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्यांमध्ये जनावरांची ये-जा असते तिथे मोटरसायकलच्या क्लच वायरचा फास लावलेला होता आणि त्यात कांडेचोर, म्हणजे उदमांजर, अडकलं होतं. मादी. ओढून ओढून तिने भोवतालची माती उकरून काढली होती. एक पुढचा पाय फासातून पलीकडे गेल्यामुळे तार गळ्याऐवजी छातीवरून तिरकी बसली होती, म्हणून ती जिवंत होती. फासकीचं हेच वाईट आहे. जनावर जितकं ओढतं तितकी ती आवळते, आणि कोण सापडणार हे लावणाऱ्याच्या हातात नसतं. डुकरासाठी लावलेल्या अशाच तारेत कमरेला अडकलेला बिबट्या मी पाहिला आहे. त्याला भूल देऊन सोडवलं, अंगावर मोठी जखमही नव्हती, पण आत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तो गेला.

म्हणून तार कापून लगेच सोडायचं नाही, हे मी ठरवूनच गेले होते. माणसांना मागे घेतलं, कुत्रा बांधायला लावला, ओलं गोणपाट तिच्या तोंडावर टाकलं. डोळ्यांपुढे अंधार झाला की जनावर निम्मं शांत होतं. पशुवैद्यक डॉक्टर येईपर्यंत पाऊण तास गेला. मी चामडी हातमोजे घालून तिला धरलं, त्यांनी तार कापली. कातडी फाटली होती, खालचा मांसल भाग शाबूत होता. त्यांनी वेदनेचं आणि जंतुसंसर्गाचं इंजेक्शन दिलं. मग पोटाकडे बघून म्हणाले, "हिला दूध आहे."

पिल्लं शोधायला लांब जावं लागलं नाही. घरात शिरून गप्प उभी राहिले, तर माळ्यावर पेंढ्यातून बारीक आवाज येत होता. तीन होती. हात लावला नाही.

फासकी काकीच्या मुलाने लावली होती. सुट्टीत मुंबईहून आलेला. म्हणाला, "मॅडम, हाच कोंबड्या नेतो. आईने आणखी किती सोसायचं?" खुराड्यासमोर काकी रोज चुलीतली राख टाकते. तिच्यावर रात्रीचे ठसे होते. मी त्याला ते दाखवले. चार बोटं, गोलसर पाऊल, नखांची खूण नाही, गावातल्या मांजरापेक्षा मोठं. कांडेचोराची पाच बोटं उमटतात. हे बाऊल होतं, म्हणजे रानमांजर. कांडेचोर कोंबडी कधीच धरत नाही असं मी म्हणणार नाही. पण या दिवसांत त्याचा जीव फणसात, जांभळात आणि माडाच्या पोयीला, म्हणजे फुलोऱ्याला, लावलेल्या मडक्यातल्या माडीत असतो. पोरगा बराच वेळ त्या राखेकडे बघत बसला.

प्राथमिक गुन्हा रिपोर्ट मी लिहिला. तो टाळता आला नसता आणि टाळायचाही नव्हता. काकीच्याच ओटीवर बसून लिहिला, तिने दिलेला चहा बाजूला होता. ती म्हणाली, "मारूचा नाय ता माका म्हायत हा. पण माझ्या कोंबयांचा काय?" या प्रश्नाचं उत्तर मी दोन महिन्यांपूर्वीच द्यायला हवं होतं.

दुपारी आम्ही खुराडं उघडून बसलो. मुलगा कुडाळातून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घेऊन आला. आधीची षटकोनी जाळी बाऊल दातांनी फाडतं, आणि तिच्या भोकांतून पंजाही आत जातो. खालून उकरणारं जनावर भिंतीच्या पायथ्याशीच उकरायला लागतं, म्हणून जाळी वीतभर पुरून बाहेरच्या बाजूला वळवली. दाराला कडी बसवली. खुराड्याला टेकलेली लाकडं लांब हलवली, कारण तिथे उंदीर राहतात आणि उंदरांमागे आर येतो. दिवेलागणीच्या आधी कोंबड्या आत, हे काकीने स्वतःच ठरवलं.

तोवर कांडेचोर गोठ्यात झाकलेल्या पेटीत होतं. अंधार पडायला लागल्यावर डॉक्टर पुन्हा येऊन बघून गेले. चालत होती, चारही पाय टेकवत होती. माळ्याखाली पेटी ठेवून दार उघडलं आणि सगळे पुढच्या अंगणात जाऊन बसलो. थोड्या वेळाने कौलांवर आवाज झाला. लंगडत चढणाऱ्या पावलांचा.

माळ्यावर काकीने रात्रभर दिवा आणि रेडिओ चालू ठेवावा, असं ठरलं होतं. उजेड आणि आवाज झाला की आई स्वतःच पिल्लं हलवते. चौथ्या दिवशी काकीचा फोन आला. "घेवन गेली गो. तीन फेरये मारल्यान. भोक बुजवू काय आता?" म्हटलं, दोन रात्री माळ्याच्या भोकापाशी राख टाक. ठसा नाही उमटला तर बुजव.

"आणि झीलाची तारीख कधी हा?"

मी मुलाच्या केसची तारीख सांगितली. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "जाळी उरली हा. शेजारणीक देव काय?"